‘सीसी पाठव’ म्हणजे नक्की काय पाठवायचं? ऑफिसात नव्याने लागलेल्यांसाठी शॉर्टफॉर्मची वाट

“मावशी, सीसी म्हणजे काय गं?”

संध्याकाळी सातला भाचीचा फोन आला. घोडबंदर रोडवरच्या एका बांधकाम व्यावसायिकाच्या ऑफिसात तिला लागून नऊ दिवस झाले होते. दुपारी साहेबांनी व्हॉट्सॲपवर एवढंच लिहिलं होतं, ‘बँकेला सीसी पाठव’. तिला ठाऊक होतं ते ईमेलमधलं सीसी. म्हणून तिने सल्लागाराला जाणाऱ्या मेलमध्ये बँकेच्या अधिकाऱ्याचा पत्ता सीसीच्या रकान्यात घातला आणि ‘डन सर’ कळवून मोकळी झाली. साहेबांना पाठवायचं होतं बांधकामाचं प्रारंभ प्रमाणपत्र, कमेन्समेंट सर्टिफिकेट. बँकेतल्या माणसाला काहीच उलगडेना, कारण त्याच्या टेबलावर सीसी म्हणजे कॅश क्रेडिट खातं. कर्जाची फाइल दोन दिवस जागची हलली नाही. शिवाय आतल्या दरांची चर्चा असलेला मेल बाहेर गेला तो गेलाच.

तिघेही आपापल्या खुर्चीत बसून बरोबरच होते. बिल्डरकडे सीसीचा एक अर्थ, बँकेत दुसरा, मेलमध्ये तिसरा, आणि तिन्ही रोजच्या वापरातले. ‘प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत बँकेला मेल कर’ एवढं लिहायला साहेबांना दहा सेकंद जास्त लागले असते. ते दहा सेकंद वाचले आणि तीन माणसांचे दोन दिवस गेले.

ठाणे-नवी मुंबईत मला नोकरीत १९ वर्षं झाली. आधी वागळे इस्टेटमध्ये खरेदी विभागात होते, आता महापेला आहे. नव्याने लागलेल्या मुलामुलींना पहिला महिनाभर सोबत घेऊन बसायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यांचं इंग्रजी माझ्या त्या वयातल्यापेक्षा कितीतरी चांगलं असतं, टायपिंगचा वेगही. अडतं ते दोन ठिकाणी. मित्रमैत्रिणींशी लिहून बोटांना पडलेलं वळण ऑफिसच्या मेलमध्ये उतरतं. आणि ऑफिसचे म्हणून जे शॉर्टफॉर्म असतात ते कोणी बसवून सांगत नाही, सगळे धरून चालतात की तुम्हाला येत असतील. हा लेख त्या दोन्ही अडचणींसाठी. माझं म्हणणं एकच आहे आणि पुढच्या प्रत्येक पायरीत तेच येईल: शॉर्टफॉर्म वापरावा तो वाचणाऱ्याचे कष्ट वाचत असतील तर. फक्त लिहिणाऱ्याचेच वाचत असतील तर पूर्ण शब्द लिहावा.

आखडून लिहायची सवय आली कुठून

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये पाठवला गेला. एका संदेशात जागा १४० बाइटची. इंग्रजी अक्षराला सात बिट लागायचे, म्हणून १६० अक्षरं मावायची. देवनागरीत एका चिन्हाला सोळा बिट लागतात, त्यामुळे मराठीत लिहिलं की त्याच संदेशात फक्त ७० चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजलेली. साहजिकच आपण मराठी रोमन अक्षरांत लिहू लागलो, आणि तीही स्वर गाळून. बटणांच्या फोनवर ‘एस’ उमटायला सातचं बटण चारदा दाबावं लागे. संदेशागणिक पैसे पडत. ‘प्लीज’चं ‘पीएलझेड’ झालं, ‘ग्रेट’मध्ये आठाचा आकडा शिरला, त्यामागे खरीखुरी काटकसर होती. ज्या पिढीने ती केली तिला मी नावं ठेवणार नाही, मी त्याच पिढीतली आहे.

आज ऑफिसच्या मेलमध्ये जागेची टंचाई नाही, अक्षराला पैसे पडत नाहीत, की-बोर्ड पूर्ण आहे. कारण गेलं आणि सवय मागे राहिली.

याचा अर्थ लघुरूपं वाईट असा मात्र कोणी घेऊ नये. आपला हा सगळा पट्टा लघुरूपांवरच उभा आहे. एमआयडीसी १९६२ सालची, सिडको १९७० ची. एपीएमसी (बाजार समिती), टीएमटी, एनएमएमटी (ठाण्याची आणि नवी मुंबईची बससेवा) हे शब्द रिक्षावाल्यापासून आयुक्तांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे हा औद्योगिक भाग टीटीसी म्हणून ओळखला जातो. ट्रान्स ठाणा क्रीक, म्हणजे ठाण्याच्या खाडीपलीकडचा. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून रोज गाडी पकडून तिथे उतरणाऱ्या कित्येकांना हे पूर्ण रूप माहीत नसतं आणि त्यांचं काही अडतही नाही, कारण टीटीसी म्हटल्यावर बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच जागा येते. शॉर्टफॉर्म चालेल की नाही हे मी याच कसोटीवर ठरवते.

पहिली पायरी: एक वही करा, तिची तीन पानं पाडा

फोनमधली नोंद नको, कागदाची वही. मीटिंगमध्ये फोन काढलात तर लोकांना वाटतं तुमचं लक्ष नाही. वहीत लिहिताना दिसलात तर तेच लोक थांबून पुन्हा सांगतात.

पहिल्या पानावर मित्रांमधले शॉर्टफॉर्म. पीएलझेड, टीएचएक्स (थँक्स), जीएम (गुड मॉर्निंग), टीसी (टेक केअर), एचबीडी (हॅपी बर्थडे), ‘यू’साठी एकच अक्षर, ‘ओके’साठी नुसतं ‘के’. तुम्ही सवयीने जे जे वापरता ते सगळं प्रामाणिकपणे उतरवून काढा आणि पानावर एक मोठी फुली मारा. ऑफिसच्या मेलमध्ये यातलं काहीही जाणार नाही. ‘एलओएल’सुद्धा याच पानावरचं. ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमरन त्याचा अर्थ ‘लॉट्स ऑफ लव्ह’ असा समजून आपल्या संदेशांखाली ते लिहीत असत, हे २०१२ साली तिथल्या एका चौकशीतल्या साक्षीत पुढे आलं. पंतप्रधानांना समोरच्याने सांगितलं तरी; तुमच्या ग्राहकाला काय वाटलं ते तो तुम्हाला सांगेलच असं नाही.

दुसऱ्या पानावर सगळ्याच ऑफिसांमध्ये चालणारे: एफवायआय (माहितीसाठी), पीएफए (सोबत जोडलेलं पाहावं), ईओडी (एंड ऑफ डे, दिवसअखेर), एएसएपी (शक्य तितक्या लवकर), टीबीडी (अजून ठरायचं आहे), ओओओ (ऑफिसबाहेर). यांची गंमत अशी की हे अधिकृत वाटतात, म्हणून नवा माणूस ते जास्तच वापरतो. मी यातले निम्मे टाळते. का, ते पुढे सांगते.

तिसरं पान सर्वात मोलाचं. तुमच्या धंद्याचे शॉर्टफॉर्म. हे शिकल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि प्रत्येकासमोर नुसतं पूर्ण रूप लिहून भागत नाही. त्या शब्दाने कामात काय बदलतं ते लिहायचं. खरेदीचंच घ्या. पीआर म्हणजे एखाद्या विभागाने ‘आम्हाला हे हवं आहे’ अशी नोंद केली. पीओ म्हणजे आपण विक्रेत्याला ऑर्डर दिली. जीआरएन म्हणजे माल गेटातून आत आला, स्टोअरने मोजून घेतला आणि तशी पावती केली. विक्रेत्याचा फोन आला आणि तुम्ही ‘पीओ झालाय’ऐवजी ‘जीआरएन झालंय’ म्हणालात, तर तो लगेच पैशाच्या मागे लागेल, आणि त्याचं बरोबर असेल, कारण मालाच्या बिलासोबत अकाउंट्सवाले आधी जीआरएन मागतात.

न्हावाशेवा बंदराशी संबंधित ऑफिसात असाल, आणि उरणपासून तुर्भ्यापर्यंत अशी ऑफिसं खूप आहेत, तर तुमच्या पानावर बीएल, डीओ, ईटीए आणि सीएचए असतील. बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीने माल चढवून घेतल्याचा कागद. डीओ म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर, तो मिळाल्याशिवाय कंटेनर ताब्यात येत नाही. ईटीए म्हणजे जहाज पोहोचण्याची अंदाजित वेळ. सीएचए म्हणजे कस्टम हाउस एजंट; नियमांत २०१३ पासून ‘कस्टम्स ब्रोकर’ असा शब्द आला आहे, पण बाजारात अजून सीएचएच चालतं. अशी बारीक गोष्ट वहीत असू द्या. सरकारी अर्जात एक शब्द लिहायचा आणि फोनवर दुसरा बोलायचा, हे कोणी शिकवत नाही.

एचआरमध्ये सीएल (कॅज्युअल लीव्ह), पीएल (प्रिव्हिलेज लीव्ह), एलडब्ल्यूपी (बिनपगारी रजा); ऐरोलीच्या आयटी पार्कात केटी (नॉलेज ट्रान्सफर), यूएटी (युजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग), सीआर (चेंज रिक्वेस्ट). ज्याचं त्याने बघावं.

दुसरी पायरी: कुठे लिहिताय ते आधी बघा

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला चॅटवर ‘जीआरएन झालं का?’ विचारायला काहीच हरकत नाही. टीमच्या ग्रुपवरही चालेल. मेल मात्र पुढे जातो. तुम्ही एकाला लिहिता, तो दुसऱ्याला पाठवतो, तो तिसऱ्या कंपनीला, आणि सहा महिन्यांनी ऑडिटर तोच मेल उघडून बसतो. त्यामुळे मेलमध्ये धंद्याचा शॉर्टफॉर्म पहिल्यांदा येईल तेव्हा पूर्ण लिहायचा, पुढे आखडला तरी चालेल. पत्र, करार, नोटीस यांत शॉर्टफॉर्म हवाच असेल तर सुरुवातीला ‘यापुढे अमुक असा उल्लेख’ म्हणून व्याख्या देऊनच.

एक गोष्ट नव्यांच्या लक्षात येत नाही. साहेब शॉर्टफॉर्म वापरतात म्हणून आपण वापरावा असं नसतं. साहेब गाडीत बसून, दोन फोनच्या मधल्या वेळात लिहितात. त्यांनी ‘के’ लिहिलं तर ते उत्तर असतं. तुम्ही त्यांना ‘के’ लिहिलंत तर ते तुसडं वाटतं.

तिसरी पायरी: वेळ आणि तारीख कधीच आखडू नका

ही माझी स्वतःची चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका जपानी ग्राहकाला लिहिलं, ‘सुधारित कोटेशन आज ईओडीपर्यंत पाठवते’. माझ्या मनात ईओडी म्हणजे आमचे संध्याकाळचे सात. मी ठीक सातला पाठवलं. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. तिथे रात्रीचे साडेदहा वाजले होते. त्यांचा दिवस सहाला संपत होता, म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीचला. ते लोक थांबले, थांबले आणि आमच्या कोटेशनशिवाय त्यांच्या वरिष्ठांकडे यादी घेऊन गेले. ऑर्डर गेली. रागाचा एक शब्दही त्यांनी लिहिला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यांच्या बाजूने मी शब्द दिला होता आणि तो पाळला नव्हता.

अमेरिकेच्या बाबतीत हे उलट बाजूने होतं. न्यूयॉर्कचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतरचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन. तिथला ग्राहक ‘शुक्रवार ईओडी’ म्हणतो तेव्हा आपल्याकडे शनिवार उजाडलेला असतो. नवी मुलं शुक्रवारी संध्याकाळी जीव तोडून अर्धवट काम पाठवतात, जेव्हा हातात अजून वेळ होता.

आता ‘आयएसटी’ बघा. आपल्याला त्यात शंका घेण्यासारखं काही वाटत नाही. पण इस्रायलची प्रमाणवेळ हीच तीन अक्षरं लावते आणि आयर्लंडची उन्हाळ्यातली वेळही. म्हणून परदेशी मेलमध्ये ‘भारतीय वेळेनुसार सायंकाळी ७’ असं पूर्ण लिहा, आणि जमलं तर शेजारी त्यांची वेळही द्या. तारीख आकड्यांत लिहू नका. ‘०५/०६’ आपल्यासाठी ५ जून, अमेरिकेत ६ मे. महिन्याचं नाव लिहिलं की प्रश्नच मिटतो.

चौथी पायरी: पीएफए, एफवायआय आणि एएसएपी यांच्याऐवजी एक वाक्य लिहा

पीएफए म्हणजे ‘सोबत जोडलेलं पाहावं’. पण काय जोडलं आहे? वाचणाऱ्याने फाइल उघडायची तेव्हा त्याला कळणार. माझा अनुभव असाही आहे की पीएफए लिहिणारेच फाइल जोडायला जास्त विसरतात, कारण बोटं ती तीन अक्षरं आपोआप टाइप करतात, मन तिथे नसतं. ‘ऑगस्टचं वाहतुकीचं बिल सोबत जोडलं आहे’ असं लिहिताना बिल डोळ्यांसमोर येतं आणि हात आपोआप जोडणीच्या खुणेकडे जातो.

एफवायआय म्हणजे माहितीसाठी. तीस मेलांची साखळी वर एफवायआय लावून पुढे ढकलणं म्हणजे वाचणाऱ्याला ‘यातलं तुझं काय ते तू शोध’ म्हणणं. त्याजागी एक ओळ लिहा: ‘खाली १२ तारखेच्या मेलमध्ये दर बदलल्याचा उल्लेख आहे, तुमच्या माहितीसाठी.’

एएसएपीबद्दल मी जरा कडक आहे. त्यात वेळ नसते, नुसती घाई असते. वरिष्ठाला लिहिला तर हुकूम वाटतो, आणि ज्याच्याकडे असे दहा मेल येतात त्याला त्यातून काहीच कळत नाही. घाई असेल तर कधीपर्यंत आणि का, दोन्ही सांगा. माणसं कारणाला मान देतात.

एका मुलाने पहिल्या आठवड्यात पाठवलेला मेल असा होता: ‘हाय सर, पीएफए इन्व्हॉइस, पीएलझेड चेक अँड रिव्हर्ट एएसएपी, टीएचएक्स.’ आम्ही दोघांनी बसून तो असा केला:

‘नमस्कार सर, ऑगस्ट महिन्याचं वाहतुकीचं बिल सोबत जोडलं आहे. तिसऱ्या ओळीतला दर आपल्या परचेस ऑर्डरपेक्षा जास्त लावलेला दिसतो. तो बरोबर आहे का, हे गुरुवारी दुपारी १२ पर्यंत कळवाल का? त्याच दिवशी ३ वाजता अकाउंट्स या महिन्याची बिलं घेणं बंद करतं. आभारी आहे.’

मूळ मेल इंग्रजीत होता, सुधारलेलाही इंग्रजीतच गेला. मी इथे मराठीत मांडला आहे. लांबी वाढली हे खरं. पण पहिल्या मेलला सरांकडून ‘काय चेक करायचं आहे?’ असा उलट प्रश्न आला असता. दुसऱ्याला वीस मिनिटांत उत्तर आलं. आणि जाता जाता: ‘रिव्हर्ट’ हा शब्द आपण ‘उत्तर द्या’ या अर्थाने वापरतो, पण परदेशी वाचकाला त्याचा अर्थ ‘पूर्वीच्या स्थितीत न्या’ असा लागतो. ‘रिप्लाय’ लिहा.

पाचवी पायरी: दोन अर्थांचे शॉर्टफॉर्म लाल पेनने लिहा

भाचीचं सीसी आलंच. तसं ‘सीआर’ म्हणजे आयटीत चेंज रिक्वेस्ट, अकाउंट्समध्ये कोटी, आणि जमाखर्चात जमेची बाजू. ‘पीओसी’ म्हणजे कोणाशी संपर्क साधायचा तो माणूस, किंवा कल्पना चालते का हे दाखवणारा नमुना. ‘पीआर’ म्हणजे खरेदीची मागणी, जनसंपर्क, किंवा प्रोग्रामरसाठी आणखी तिसरंच. ‘टीआयए’ लिहून आगाऊ आभार मानायची काहींना सवय असते. रुग्णालयात मात्र टीआयए म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडणं. नोकरी रुग्णालयाच्या बिलिंगमध्ये असेल तर हा शॉर्टफॉर्म विसरा.

आकड्यांपुढची अक्षरं सगळ्यात धोक्याची. ‘२५ एल’ म्हणजे पंचवीस लाख की पंचवीस लिटर? पावण्याच्या केमिकल कारखान्यांत दोन्ही गोष्टी एकाच कागदावर येतात. लाख, कोटी, लिटर, महिने हे शब्द तसेही छोटेच आहेत, ते पूर्ण लिहा.

सहावी पायरी: ‘ओके’ आणि अंगठा जपून

वरिष्ठांनी काम सांगितलं आणि तुम्ही अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. त्याचा अर्थ ‘वाचलं’, ‘समजलं’, ‘करतो’ की ‘केलं’? चारही होऊ शकतात. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवून तो मान्य असल्याचं कळवायला सांगितलं. त्याने अंगठा पाठवला. माल काही दिला नाही. त्याचं म्हणणं होतं, अंगठा फक्त ‘मिळालं’ एवढ्यासाठी होता. २०२३ साली तिथल्या न्यायालयाने तो अंगठा म्हणजे कराराला दिलेली मान्यता धरली आणि सुमारे ८२ हजार कॅनडियन डॉलर भरपाई द्यायला लावली. निकाल तिथला, आपल्या न्यायालयांना तो बांधील नाही. पण आपल्याकडेही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १० ए नुसार, केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अमान्य ठरत नाही.

म्हणून दर, मुदत, माल, पगार यांतलं काही समोर असेल तर वाक्य लिहा. ‘मेल मिळाला. दर तपासून उद्या ११ पर्यंत कळवते.’ यात मान्यता नाही, पोच आहे आणि वेळ आहे.

सातवी पायरी: मराठी पत्रातले शॉर्टफॉर्म वेगळे शिका

आपल्या आजी-आजोबांची पोस्टकार्डं ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे नवं नाही. सा. न. वि. वि. म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. स. न. वि. वि. म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. ता. क. म्हणजे ताजा कलम. मु. पो., ता., जि., चि., सौ. ही सगळी आखडलेली रूपंच, पण घरातल्या धाकट्यालाही त्यांचा अर्थ ठाऊक असे आणि कोणासाठी कोणतं लावायचं याची रीत ठरलेली असे. पोस्टकार्डावर जागा कमी, तरी मान कमी होत नसे. हे मला फार लोभस वाटतं.

मात्र महापालिकेला अर्ज लिहिताना सा. न. वि. वि. घालू नका, ते खासगी पत्राचं आहे. तिथे ‘महोदय’ पुरतं. महाराष्ट्रात १९६४ च्या राजभाषा अधिनियमापासून शासनाचा कारभार मराठीत आहे, त्यामुळे ठाण्यात प्रभाग समितीकडे किंवा नवी मुंबईत विभाग कार्यालयाकडे जाणारा अर्ज मराठीतच लिहावा. तुमच्या ऑफिसात सगळं इंग्रजीत चालत असलं तरी गाळ्यासमोरच्या तुंबलेल्या गटाराचं पत्र कोणालातरी मराठीत लिहावंच लागतं, आणि ते बहुधा नव्या माणसाकडे येतं.

त्या पत्रात काही लघुरूपं रूढ आहेत आणि ती वापरलेली चालतात. ‘मा.’ म्हणजे माननीय, अधिकाऱ्याच्या पदनामाआधी. ‘दि.’ तारखेआधी, ‘क्र.’ क्रमांकासाठी. कार्यालयाकडून आलेल्या पत्रावर ‘जा. क्र.’ असतो, म्हणजे जावक क्रमांक; तुमच्या उत्तरात ‘संदर्भ’ या शब्दापुढे तो आणि तारीख जशीच्या तशी उतरवायची, नाहीतर तुमचं पत्र मूळ फाइलला लागत नाही. ‘शा. नि.’ म्हणजे शासन निर्णय. इंग्रजी शॉर्टफॉर्मची मात्र मराठी पूर्ण रूपं लिहा: एनओसीला ना-हरकत प्रमाणपत्र, ओसीला भोगवटा प्रमाणपत्र, सीसीला प्रारंभ प्रमाणपत्र. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक खिडकीवर द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून पोच घ्या. ती पोच हातात घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पोचेवरचा शिक्का पुसट असेल तर तिथल्या ताईंना पुन्हा मारायची विनंती करा, त्या करतात.

आठवी पायरी: काही ठिकाणी एकही अक्षर गाळू नका

आमच्या ऑफिसातल्या एकाचे वडील वारले. ग्रुपवर सकाळपासून ‘आरआयपी’ची रांग लागली. तीन अक्षरं, खाली तीन अक्षरं, खाली पुन्हा तीच. कोणाच्या मनात अनादर नव्हता. काही महिन्यांनी चहा पिताना तो म्हणाला, त्या दिवशीचं फार काही आठवत नाही, एक मेसेज आठवतो. स्टोअरमधल्या एका नव्या मुलीने लिहिलं होतं: ‘दादा, तुमचे बाबा मागच्या पावसात तुम्हाला छत्री द्यायला गेटपर्यंत आले होते, तेव्हा मी त्यांना पाहिलं होतं. फार वाईट वाटलं. इकडचं रजिस्टर मी सांभाळते, तुम्ही काळजी करू नका.’

मुलगी नोकरीत नवी होती, त्याच्याशी धड दोनदा बोललीही नव्हती. तरी काय लिहावं हे तिला कळलं.

दुःखाचा निरोप, चूक झाल्याची कबुली, आभार, राजीनामा, आणि अचानक घ्यावी लागणारी रजा, या पाच ठिकाणी मी शॉर्टफॉर्म अजिबात येऊ देत नाही. ‘एसएल (सिक लीव्ह) टुडे’ असं लिहिणाऱ्या मुलाला मी बोलावून सांगते: रजेच्या प्रणालीत एसएल भर, पण मला लिहिताना ‘मॅडम, रात्रीपासून ताप आहे, आज येता येणार नाही, डिस्पॅचची यादी अमुककडे दिली आहे’ असं लिही. मला त्याचा ताप खोटा वाटतो म्हणून नाही. त्याच्या जागी आज कोणाला बसवायचं हे मला नऊच्या आत ठरवायचं असतं, आणि तो बरा आहे का हेही कळायला हवं असतं. ‘सॉरी’चं ‘एसआरवाय’ करणाऱ्याची माफी खरी असली तरी ती तशी पोहोचत नाही.

नववी पायरी: न कळलेलं कसं विचारायचं

सगळ्यात अवघड हेच. मीटिंगमध्ये तीन अनोळखी शॉर्टफॉर्म येऊन जातात, सगळे माना डोलावतात, आपणही डोलावतो. भाचीने तेच केलं होतं. तिला वाटलं, एवढं साधं विचारलं तर काय म्हणतील.

तीन वाक्यं तयार ठेवा. चॅटवर शंका असेल तर आपल्याला लागलेला अर्थ लिहून विचारा: ‘सर, सीसी म्हणजे प्रारंभ प्रमाणपत्र ना? त्याची प्रत बँकेच्या मेलवर पाठवते.’ असं विचारलं की साहेबांना नुसतं ‘हो’ म्हणायचं उरतं, आणि चूक असेल तर ती काम होण्याआधी सापडते. मीटिंगमध्ये असाल तर वहीत नोंद करा आणि बाहेर पडताना शेजारच्याला विचारा: ‘मघाशी यूएटी म्हणाले, आपल्याकडे ते कोण करतं?’ यात अर्थही कळतो आणि माणूसही. ग्राहक किंवा अधिकारी असेल तर सरळ: ‘आपल्या मेलमधल्या डीओचा अर्थ मी डिलिव्हरी ऑर्डर असा घेतला आहे, तो बरोबर आहे ना?’

पहिल्या तीन महिन्यांत असं विचारलं तर कोणी कमी लेखत नाही. तिथे वर्ष काढल्यावर तोच प्रश्न जिभेवर येता येता अडतो, आणि मग अंदाजाने कामं चालतात. म्हणून आत्ताच विचारा, आणि उत्तर मिळालं की जिन्यातच थांबून तिसऱ्या पानावर तारखेसह उतरवून ठेवा.